हवालदारांची अर्धशिशी

तुटलेला हात घेऊन कचेरीत गेलात तर दारावरचा शिपाईसुद्धा सरून वाट देतो. लाकडी पाय असेल तर त्याची टकटकच तुमची कैफियत मांडते. पण डोकेदुखी घेऊन सरकारदरबारी जाणं म्हणजे झाकलेली पाटी घेऊन बाजारात बसणं आहे. आत मासळी आहे असं आपण म्हणायचं, आणि गिऱ्हाइकानं न बघता मानायचं. असं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही.

मी त्या काळी ठाण्याच्या कचेरीबाहेर अर्जनवीस होतो. चिंचेखाली बैठक, पुढ्यात उतरतं मेज, कानावर बोरू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची दुःखं मी सरकारला समजतील अशा भाषेत लिहून देत असे. हा माझा दिवसाचा धंदा. संध्याकाळी मी हौशी नाटकमंडळीत राक्षस होत असे. माझी अंगकाठी पाहून कोणी मला राक्षस म्हणणार नाही, पण देवानं भलत्याच माणसाचा आवाज माझ्या गळ्यात घालून ठेवला आहे. मी पडद्यामागून आरोळी ठोकली की पुढच्या रांगेतल्या आया पदर सावरत. खरं सांगायचं तर अर्ज आणि नाटक यांत मला फारसा फरक कधी वाटला नाही. दोन्हीकडे समोरच्याला पाझर फोडायचा असतो. नाटकात निदान टाळ्या मिळतात.

एके दिवशी बाजार उठल्यावर बाळकुमची एक कोळीण माझ्यासमोर आली. मासळी विकून रिकामी झालेली पाटी तिनं पालथी घातली आणि तिच्यावरच बैठक मारली.

"भाऊ, रडका अर्ज लिवायचा हाय," ती म्हणाली. "रडका लिवता ना तुमी?"

"रडका लिहिण्यात ठाण्यात माझा हात कोणी धरणार नाही. कशाबद्दल रडायचंय?"

"माज्या मानसाचा डोका दुखतंय."

"सुंठ उगाळून लाव."

"सुंठ लावली, मिरी लावली, भगत झाला, वैद झाला. आता सरकार लावायचा हाय."

मला ती बाई तिथेच आवडली.

तिचा नवरा पलटणीत हवालदार होता. खाडीतला कोळी, पोहण्यात आणि होडीत तरबेज, म्हणून तरुणपणीच जहाजावर जाणाऱ्या पलटणीत भरती झाला. आफ्रिकेतल्या हबसाणच्या मोहिमेवर सरकारनं जी फौज समुद्रापार नेली तिच्यात तोही होता. तिथे बंदुकीच्या दारूच्या पिंपांचा स्फोट झाला. बाकीचे मेले किंवा भाजले. याच्या डाव्या कानावर फळीचा तुकडा बसला, पण रक्ताचा थेंब आला नाही. पडला, उठला, टोपी शोधली आणि पुन्हा रांगेत उभा राहिला. रांगेत उभा राहिला हीच त्याची मोठी चूक, असं त्याची बायको म्हणे. तिथेच आडवा पडला असता तर कुणीतरी कुठेतरी टिपून ठेवलं असतं.

तेव्हापासून त्याला अर्धशिशी जडली. हे दुखणं सूर्याबरोबर उगवतं. सकाळी डाव्या भुवईपाशी ठिणगी पडते, सूर्य चढेल तसं अर्धं डोकं पेटत जातं, आणि दुपार कलली की आपोआप विझतं. पलटणीतल्या डॉक्टरनं काही वर्षं औषधं दिली, मग कंटाळला. हवालदार कवाईतीच्या वेळी आजारी आणि जेवणाच्या वेळी बरा, याचा अर्थ त्यानं आपल्या परीनं लावला. चाकरीची वर्षं पुरी व्हायच्या आत हवालदाराला कमी केलं, आणि शेऱ्यात लिहिलं की आजार नाही, ढोंग आहे. ढोंग्याला पेन्शन नसतं.

पेन्शनवाचून त्यांचं घर चालत होतं. बाई मासळी विकत होती. पण तो शेरा पलटणीतल्या दुसऱ्या कोणा शिपायाबरोबर बाळकुमला येऊन पोचला होता, आणि कोळ्यांच्या गावात असा शेरा फुकट जात नाही. शिमग्याला तिथली तरणी मंडळी सोंगं काढतात. त्या वर्षी त्यांनी हवालदाराचं सोंग काढलं. एकानं डोक्यावर मडकं पालथं घातलं, छातीला करवंटीचा बिल्ला लावला आणि 'आय आय' करत साऱ्या वाड्यातून लंगडत फिरला.

"लंगडत का? पाय तर बरा आहे ना त्यांचा?" मी विचारलं.

"तेच मी बोललू. मेल्यानू, सोंग तरी बराबर काढा," ती म्हणाली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "तवापासून तो वाड्यात निंगत नाय. खाडीवर जातो तो पन अंधाराचा. भाऊ, पैसा दिला सरकारनं तर बराच, पन तो शेरा पुसा. ढोंगी नाय तो. त्याला ढोंग येत असता तर माज्यासंगती सुखानं नांदला असता."

मी अर्ज लिहिला. काय अर्ज होता. स्फोटाचं वर्णन लिहिताना मी चिंचेखाली अशी गर्जना केली की शेजारचा स्टँपविक्या दचकून उभा राहिला. वरून हुकूम आला की ठाण्याच्या सरकारी सर्जननं अर्जदाराला तपासून मत कळवावं.

तपासणीच्या दिवशी मी हवालदारांना पहिल्यांदा पाहिलं. ताडासारखा उंच माणूस. दाढी घोटलेली, मिशा पिळलेल्या, जुना लाल कोट घासूनपुसून घातलेला, बटणं चिंचेनं लख्ख केलेली, आणि डोक्यावर घट्ट आवळून बांधलेलं पांढरंशुभ्र पगोटं. त्यांना पाहून मला पेन्शन द्यावंसं वाटेना. उलट त्यांनीच आपल्याला काहीतरी द्यावं असं वाटलं.

साहेबानं जेवण उरकून त्यांना आत बोलावलं. दुपार कललेली, म्हणजे अर्धशिशी केव्हाच आपल्या घरी गेलेली. मी दारात उभा होतो. हवालदार आत गेले, टाचा जुळवल्या, सलाम ठोकला.

"कैसा है, हवालदार?" साहेबानं विचारलं.

"हुजूर की मेहेरबानी से अच्छा है."

साहेबानं डोकं चाचपायला पगोटं काढायला सांगितलं. हवालदार म्हणाले, हुजूरसमोर नंगे सिर उभा राहणार नाही. साहेबानं खांदे उडवले आणि मत लिहून टाकलं, की अर्जदार स्वतःच्याच तोंडानं आपण बरे असल्याचं सांगतो. अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत बायकोनंच तोफ डागली.

"घरान पालथा पडतो न साहेबापुढं डोलकाठीवानी उभा. कशाला बोललास बरा हाय?"

"साहेबानं इचारला कसा हाय. मग काय सांगायचा, मरतंय?"

"हो," मी म्हणालो. "हवालदार, तेवढ्याचसाठी तुम्ही गेला होतात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात जोडे घालून शिरलो आहे. "भाऊ, पलटणीन साहेब रोज इचारतो, कैसा है. त्याचा जवाब एकच असतो. दुसरा जवाब मी कंदी ऐकला नाय."

"आणि पगोटं का नाही काढलंत?"

"उघड्या डोक्यानं मयताला उभा ऱ्हातात," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

आता एकच अपील उरलं होतं. पुण्याहून साहेब लोकांची कमिटी निघायची होती, ती कल्याणला तंबू ठोकून आसपासच्या जुन्या शिपायांचे दावे ऐकणार होती. तिथे फेटाळलं की पुढे दार नाही. शेरा आहे तसा जन्मभर राहणार, आणि शिमगा दरसाल येणार.

मी विचार केला की कैफियत माझी उत्तम आहे, पात्र मात्र कच्चं आहे. पात्र तयार करणं तर माझ्या हातात आहे. म्हणून मी दोघांना रविवारी सकाळी माझ्या घरी बोलावलं आणि ओसरीवर तालीम सुरू केली. बायको पायरीवर बसली. ती आमची प्रेक्षक.

पहिला धडा कण्हण्याचा. मी कण्हून दाखवलं. माझ्या कण्हण्यानं परसातली कावळ्यांची सभा मोडली. हवालदारांनी छाती पुढे काढली, नजर समोर लावली आणि जे काही केलं ते कण्हणं नव्हतं, तो हुकूम होता. गल्लीतून चाललेला एक गाडीवान बैल थांबवून उभा राहिला.

"जरा मऊ," मी म्हणालो. "आतून."

त्यांनी तोच हुकूम हळू आवाजात दिला.

दुसरा धडा झोक जाण्याचा. त्यांना म्हटलं, दोन पावलं चाला, तिसऱ्याला भिंतीचा आधार घ्या. त्यांनी डावं टाकलं, उजवं टाकलं, मग उजवीकडे वळून भिंतीसमोर ताठ उभे राहिले आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहू लागले.

"मी करून दाखवू?" पायरीवरून बायको म्हणाली. ती उठली, तळहात भुवईवर दाबला, डोळा बारीक केला, आणि अशी काही भिंतीला टेकली की मीच पाणी आणायला धावलो. मंडळीत बायकांना काम देत नसत म्हणून, नाहीतर आमची नायिका करणारा मिशाळ इसम त्याच दिवशी घरी बसला असता.

"बघलास?" ती नवऱ्याला म्हणाली. "असा असतंय तुजा."

"माजा असा नसतंय," हवालदार म्हणाले.

त्यांचं कसं असतं ते अर्ध्या घटकेत कळलं. ऊन ओसरीवर चढत आलं होतं. मी तिसरा धडा समजावत होतो आणि हवालदार नेहमीसारखे ताठ ऐकत होते. मला एवढंच दिसलं की त्यांची डावी पापणी थोडी उतरली आणि ओठांचा रंग गेला. ते म्हणाले, "भाऊ, जरा येतंय." शांतपणे परसात गेले. केळीच्या आळ्यापाशी वाकले, ओकले, तांब्यानं त्यावर पाणी ओतलं, माती लोटली, चूळ भरली. परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले आणि पगोट्याखाली बोटं घालून काहीतरी पिळल्यासारखं केलं. बराच वेळ तसेच बसले. आवाज नाही, हालचाल नाही. मग म्हणाले, "हां. पुढं सांगा."

मी राक्षसाच्या कामात इतक्यांदा मेलो होतो. प्रत्येक मरणाला माझं लांबलचक भाषण असे. पण इथे खरं दुखणं माझ्या ओसरीवर येऊन गेलं होतं आणि त्याला एक वाक्यसुद्धा नव्हतं. या माणसाचं सारं आयुष्य बऱ्या माणसाची भूमिका करण्यात गेलं होतं, आणि ती भूमिका त्याला इतकी पाठ होती की आता दुसरी शिकवणं माझ्या बापाला जमलं नसतं. मी पुस्तक मिटलं. म्हणजे माझ्या हातात पुस्तक नव्हतंच, पण नाटकातला माणूस अशा वेळी काहीतरी मिटतो.

"एकच करा," मी म्हणालो. "साहेबानं विचारलं कैसा है, तर म्हणा, सिर में दर्द है, हुजूर. बाकी काही नको."

"सिर में दर्द है, हुजूर," ते म्हणाले. पाठ झालं. येतील त्या दिवशी कचेरीबाहेर भेटले की मी विचारी, कैसा है, आणि ते टाचा जुळवून म्हणत, सिर में दर्द है, हुजूर. स्टँपविक्यालाही पाठ झालं.

कल्याणच्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच्या आगगाडीनं निघालो. मुंब्र्याच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा खाडीवर ऊन पसरत होतं. हवालदारांनी खिडकीकडे पाठ केली. बायकोनं ते पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. दुखणं वेळेवर निघालं होतं. मी, देव मला क्षमा करो, मनातल्या मनात हात चोळले. यावेळी साहेब आणि अर्धशिशी एकाच वेळी हजर राहणार होते.

तंबू स्टेशनापासून थोड्या अंतरावर उघड्या माळावर होते. बाहेर पुष्कळ जुने शिपाई बसले होते. कोणाला हात नव्हता, कोणाला डोळा नव्हता. ते आमच्या हवालदारांकडे बघत आणि विचारत, तुम्ही कोणाबरोबर आलात? उन्हात बसून बसून आमची पाळी येईपर्यंत हवालदारांचा चेहरा मेणासारखा झाला होता. बायको त्यांच्या सावलीला उभी होती, म्हणजे तिनंच आपली सावली त्यांच्यावर पडेल अशी जागा धरली होती.

साहेबांना हिंदुस्थानी येत होती, मराठी नव्हती. म्हणून अर्जदाराबरोबर एका माणसाला आत सोडत. माझं इंग्रजी अर्जापुरतं होतं, पण मी कोट चढवून ते भाषणापुरतं असल्यासारखा चेहरा केला. बायको तंबूच्या दारातल्या कापडी कनातीपाशी थांबली.

आत तिघे साहेब. मध्ये एक म्हातारा सर्जन, पांढऱ्या कल्ल्यांचा. डावीकडे एक तरुण डॉक्टर, उजवीकडे एक कप्तान. त्यांच्या मेजाखाली आणि पुढेही बरीच लांब अशी एक नवी कोरी निळी सतरंजी. हवालदार सतरंजीच्या काठावर थांबले. तिच्यावर पाय न देता टाचा जुळवल्या आणि सलाम केला.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "कैसा है, हवालदार?"

इतक्या दिवसांची तालीम या एका क्षणासाठी होती.

"हुजूर की मेहेरबानी से अच्छा है," हवालदार म्हणाले.

कनातीमागून कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

मी पुढे झालो आणि माझ्या अर्जापुरत्या इंग्रजीत म्हणालो की साहेब, हा मनुष्य सरणावरूनही हेच सांगेल. कप्तान हसला. म्हातारा हसला नाही. त्यानं हवालदारांना जवळ बोलावलं. सतरंजीवर पाय देताना त्यांनी जोडे काढले. मग साहेबानं सांगितलं, पगोटं काढ.

"माफी, हुजूर. नंगे सिर नहीं."

"हुकूम है."

हवालदारांचे हात बाजूलाच राहिले. सगळ्या चाकरीत मोडलेला त्यांचा हा एकच हुकूम असावा. तरुण डॉक्टरनं कागद पुढे ओढला. तो आता काय लिहिणार हे मला दिसत होतं.

तेवढ्यात कनातीतून आवाज आला. "मी जित्ती हाय ना? न तू पन जित्ता हायस. मग कोनाचा मयत? काड तो पगोटा. मी पाठ करतंय, मना नाय दिसत."

आणि ती खरंच पाठमोरी झाली. कनातीच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती. हवालदारांनी क्षणभर वाट पाहिली, मग गाठ सोडली आणि पगोटं उतरवून टोपलीसारखं दोन्ही हातांत धरलं.

खाली जाळ्याची दोरी होती. डोक्याभोवती कपाळावरून बांधलेली, आणि कानामागे तिच्यात एक काडी अडकवलेली. दुखू लागलं की ती काडी पिळायची, म्हणजे दोरी आवळते आणि आतली कळ बाहेरच्या कळीनं दबते. परसात ते पगोट्याखाली काय पिळत होते ते मला आता समजलं. साहेबानं दोरी सोडली तेव्हा तिच्या जागी कपाळात खोबण राहिली. डाव्या कानशिलावर डागांच्या खुणा होत्या. तापल्या लोखंडाचे डाग, जुन्यांवर नवे, कातडी तिथे सुकटीसारखी झालेली.

"किसने दिया?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"औरत ने."

"मीच दिलं," पाठमोरी बायको म्हणाली. "तो बोलतो दे, मी देतंय. मंग मीच रडतंय. तो नाय रडत."

मी भाषांतर केलं. तरुण डॉक्टर म्हणाला की याला काही अर्थ नाही, हे लोक बैलालाही डाग देतात, आणि पेन्शनसाठी माणूस याहून जास्त सोसेल. म्हातारा म्हणाला, शक्य आहे. मग तिघांचं इंग्रजीत बोलणं सुरू झालं. कलम कोणतं, पुरावा कोणता, फळीच्या मारानं असं होतं का. फर्डं इंग्रजी. माझी दमछाक होत होती. मी साहेबांच्या ओठांकडे बघत होतो, म्हणून हवालदारांकडे माझं लक्ष नव्हतं.

दोरी सुटली होती. तंबू तापला होता. सूर्य डोक्यावर आला होता. हवालदारांनी बाहेर जायची परवानगी मागितली असती, पण साहेब लोक आपसांत बोलत असताना शिपाई तोंड उघडत नाही. आणि हुकुमाशिवाय जागा सोडत नाही.

मी वळून पाहिलं तेव्हा ते वाकत होते. त्यांनी हातातलं पगोटं, तेच पांढरंशुभ्र पगोटं, जे उतरवायचं नाही म्हणून ते हुकूम मोडून बसले होते, ते तोंडाशी धरलं आणि त्यात ओकले. आवाज जवळजवळ नाहीच. थेंबही खाली पडू दिला नाही. मग त्याच्या कडा आत दुमडल्या, व्यवस्थित घडी घातली, काखेत धरलं, टाचा जुळवल्या आणि नजर समोर लावली. डोकं उघडं, कपाळात खोबण, ओठ पांढरे.

तिघेही थांबले होते. म्हातारा सर्जन मेजावरून पुढे वाकून आपल्या सतरंजीकडे पाहत होता. निळी सतरंजी कोरी होती. त्यानं तरुण डॉक्टरला इंग्रजीत जे सांगितलं ते मला शब्द न् शब्द समजलं.

"ढोंगी असता," तो म्हणाला, "तर माझ्या सतरंजीवर ओकला असता."

तरुण डॉक्टरनं टाक खाली ठेवला. म्हाताऱ्यानं कागद स्वतःकडे ओढला, आणि लिहायच्या आधी पुन्हा वर पाहिलं.

"कैसा है, हवालदार?"

"अच्छा है, हुजूर."

"हां," म्हातारा म्हणाला. "मालूम है." आणि लिहू लागला.

बाहेर आल्यावर बायकोनं काखेतलं पगोटं काढून घेतलं, उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटलं. आपल्या पदराचा शेव फाडून तिनं नवऱ्याच्या डोक्याला बांधला. "नवा घेवा लागल," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती त्याला साहेबाला दिलेल्या जबाबाबद्दल फाडून खाईल. ती परतीच्या गाडीत दिवा स्टेशनापर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "मेल्या, दोन येला इचारला त्यानं. दोन येला." हवालदार झोपले होते. दुपार कलली होती.

पावसाळा सरता सरता हुकूम आला. पूर्ण नाही, पण पेन्शन मंजूर झालं. आजार चाकरीतला ठरला आणि आधीचा शेरा रद्द केला. मी तो हुकूम कचेरीच्या पायऱ्यांवर उभा राहून मोठ्यानं वाचला. मोठ्यानं म्हणजे माझ्या मोठ्यानं. मग बाळकुमला जाऊन पुन्हा वाचला, कोळीवाड्यात, होड्या ओढून ठेवल्या होत्या तिथे एका होडीवर चढून, आणि साहेबाच्या सतरंजीची गोष्टही सांगितली. माझ्या साऱ्या कामगिऱ्यांत मला इतका चांगला प्रेक्षक कधी मिळाला नाही. जाळी विणणारे हात थांबले होते.

पुढच्या शिमग्याला सोंग निघालं ते साहेबाचं. तांदळाच्या पिठानं थापलेलं तोंड, शेणीचे कल्ले, आणि पुढे दोघांनी धरलेली फाटकी चटई. तो साहेब जाईल तिथे चटई अंथरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्यावर ओकायचा आग्रह करायचा. हवालदार दारातच बसले होते, उजेडात. मला म्हणाले, "यंदा बराबर काडला."

पेन्शनचा एक नियम आहे. पेन्शनरानं ठरल्या मुदतीला स्वतः खजिन्यात येऊन तोंड दाखवायचं, तेव्हा तो जिवंत असल्याची सरकारची खात्री पटते. हवालदार येत तेव्हा बायको पाटी घेऊन बरोबर असे आणि मीही चिंचेखालून उठून जात असे. कारण एकच. खजिन्यातला कारकून प्रत्येकाला रीतीप्रमाणे विचारी, काय, कसं काय? आणि मला धास्ती वाटे की हे बरा आहे म्हणतील आणि तो ते लिहून घेईल.

पहिल्या खेपेला मी तीच धास्ती घेऊन उभा होतो. संध्याकाळची वेळ, हवा गार. कारकून खाली मान घालून शाई टिपत होता, त्यानं अजून काही विचारलंही नव्हतं. हवालदारांनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि कवाईतीच्या मैदानावर घुमावं अशा आवाजात म्हणाले, "डोका दुखतंय, साहेब."

कारकुनाची दौत लवंडली. रांगेतले सगळे पेन्शनर वळून बघू लागले. उच्चार स्पष्ट, नजर ठाम, कुठे अडखळणं नाही. माझ्या ओसरीवर घालवलेली ती सकाळ व्यर्थ गेली नाही असं मला त्या क्षणी वाटलं.

बायकोनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. पापणी जागच्या जागी होती, ओठांवर रंग होता.

"आज कुठं दुखतंय तुजा?" ती म्हणाली.

"आज नाय," हवालदार म्हणाले. "सांगून ठेवला."